जावात खायला निघताय? आधी घड्याळ लावा

"हाबिस." इंडोनेशियातल्या जावा बेटावर मी शिकलेला पहिला शब्द हा. अर्थ: संपलं. तिथल्या योग्याकार्ता शहरात पहिल्या दिवशी निवांत उठून, अंघोळ-बिंघोळ उरकून, साडेदहाच्या सुमाराला आम्ही मायलेकी गल्लीच्या तोंडावर गुदेग, म्हणजे फणसाची भाजी, विकणाऱ्या आजींकडे पोचलो, तेव्हा त्या रिकामं पातेलं पोत्यात गुंडाळत होत्या. आईने "एवढ्यात?" असं चक्क मराठीत विचारलं. आजी हसल्या, परत एकदा "हाबिस" म्हणाल्या, आणि आम्ही समोरच्या दुकानातून बिस्किटांचा पुडा घेतला.

चूक आमची होती. पदार्थांची भली मोठी यादी नेली होती, वेळापत्रक नव्हतं. जावात रस्त्यावरचं खाणं तासांवर चालतं. एकाच फुटपाथवर पहाटे गुदेग, दुपारी शुकशुकाट, संध्याकाळी भज्यांची गाडी आणि रात्री कोळशावरच्या शेवया. जागा तीच, माणसं आणि गाड्या बदलतात. म्हणून खाली जे सांगतेय ते दिवसाच्या क्रमाने आहे. मी सगळं खाते, आई शुद्ध शाकाहारी. दोघींना काय जमलं आणि काय फसलं, तेही त्यात आलंय.

निघण्याआधी

जावा बेट पूर्व-पश्चिम साधारण हजार किलोमीटर लांब आहे. जकार्ता ते सुराबाया सगळं एका आठवड्यात उरकायला गेलात तर अर्धी सुट्टी रेल्वेत जाईल. पहिल्या खेपेला मध्य जावा धरा: योग्याकार्तात चार रात्री, सोलोत दोन. योग्याकार्ताला तिथले लोक जोगजा म्हणतात, तुम्हीही तेच म्हणा. दोन्ही शहरांमध्ये लोकल धावते, तिकीट ८,००० रुपिया, वेळ सव्वा तासाच्या आसपास. भारतीय पासपोर्टवर विमानतळावर उतरल्यावर ३० दिवसांचा व्हिसा मिळतो, त्याचे ५,००,००० रुपिया.

हॉटेल घेताना नाश्ता वगळा. फुकटच्या नाश्त्यासाठी सकाळी आठ वाजता हॉटेलात बसलात की दिवसातलं सगळ्यात चांगलं खाणं हातचं गेलं. जोगजात मुक्काम सुलतानांच्या राजवाड्याच्या जवळपास, जुन्या वस्तीत असेल तर उत्तम. पायी बाजारात जाता आलं पाहिजे.

तारखा ठरवताना रमजान कधी आहे ते बघा. त्या महिन्यात बरीच दुकानं दिवसा बंद असतात, उघडी असतात त्यांच्यापुढे पडदा ओढलेला असतो. सूर्यास्ताच्या आधीचा तास मात्र तेव्हा पाहण्यासारखा असतो, उपवास सोडायच्या गोडधोडाची दुकानं रस्ताभर लागतात. खरी अडचण ईदच्या आठवड्यात येते. शहरातले लोक गावी जातात, गाडीवालेही जातात, आणि पाहुण्यांनी खायचं काय हा प्रश्न उरतो.

पैशाचं गणित सोपं आहे. १,००० रुपिया म्हणजे आपले पाच-साडेपाच रुपये. "रीबू" म्हणजे हजार, आणि पाटीवर नुसतं १५ लिहिलेलं असेल तर ते १५ हजार समजायचे. क्यूआर कोडचा कागद आता हातगाड्यांवरही दिसतो, पण आपलं यूपीआय तिथे चालेल असं धरून जाऊ नका. २,०००, ५,००० आणि १०,००० च्या नोटा वेगळ्या ठेवा. सकाळी सहाला आजींपुढे एक लाखाची नोट धरली तर त्या सुट्टे आणायला शेजारी जातात आणि मागची रांग तुमच्याकडे बघते.

शब्द आणि हाका

गाडीवाल्याला हाक मारताना वय बघायचं. तरुण मुलगा असेल तर "मास", तरुण मुलगी "म्बाक", वडीलधारा पुरुष "पाक", बाई "इबू" किंवा नुसतं "बू". आपल्या दादा-ताई-काका-मावशीसारखंच आहे, त्यामुळे चटकन जमतं. "बेरापा?" म्हणजे किती झाले. "बुंगकुस" म्हणजे बांधून द्या. "पेदास" तिखट, "मानिस" गोड. चहा मागताना "तावार" म्हटलं नाही तर साखर पडणारच. शेवटी "मातुर नुवुन" म्हणायचं, हे जावानीज आभार. सरकारी इंडोनेशियन भाषेतल्या "तेरिमा कासीह"पेक्षा यावर आजीबाई जास्त खूश होतात.

आणि एक शब्द फार कामाचा: "न्युवुन सेवू". चटईवर जेवायला बसलेल्या माणसांसमोरून जायचं असेल तर थोडं वाकून, उजवा हात खाली धरून, हे म्हणत जायचं. शब्दशः अर्थ "एक हजार मागतो", पण वापर "जरा जाऊ द्या हं" असा. बोट दाखवायचं असेल तर तर्जनी नको, उजव्या हाताचा अंगठा. खाणं, देणं, घेणं सगळं उजव्या हाताने. हे आपल्याला शिकवावं लागत नाही.

बाजारात कान उघडे ठेवलेत तर ओळखीचे आवाज येतात. साखर म्हणजे "गुला", आपला गूळ. मिरी म्हणजे "मेरिचा", धने म्हणजे "केतुंबार", चव म्हणजे "रासा", मध म्हणजे "मादू", उपास म्हणजे "पुआसा". आईने केतुंबार ऐकल्यावर मसालेवालीशी जी गट्टी जमवली, ती मला इंडोनेशियन शिकूनही जमली नाही.

पहाट: साडेपाच ते नऊ

योग्याकार्ता विषुववृत्ताच्या जवळ असल्याने वर्षभर साडेपाचच्या आसपास उजाडतं. सहाला बाहेर पडा.

गुदेग म्हणजे कोवळ्या फणसाची भाजी. कोकणात कुयरीची भाजी खाल्लेल्यांना फोड ओळखीची वाटेल, रंग आणि चव नाही. नारळाचं दूध, माडाचा गूळ, मसाले घालून ती मंद आचेवर तासन्‌तास शिजवतात आणि तपकिरी रंगासाठी सागाची पानं घालतात. पहिला घास खाल्ल्यावर भाजीत गूळ घालणारे पुणेकरसुद्धा दचकतात, इतकी ती गोड असते. म्हणून ती एकटी खायची नसतेच. भातावर गुदेग, वरून "आरेह" म्हणजे आटवलेलं नारळाचं दूध, शेजारी अंडं किंवा कोंबडी, आणि "क्रेचेक" नावाची लालभडक भाजी. गोडाला तिखटाचा तोल क्रेचेकच देतं. पण ते बहुधा गाईच्या किंवा म्हशीच्या कातड्याचं असतं, हे घास घ्यायच्या आधी माहीत असावं. अंडं घातलेल्या पानाचे साधारण १५ ते २५ हजार पडतात. आईसाठी मी "तानपा क्रेचेक, तानपा आयाम" म्हणायचे, म्हणजे क्रेचेक नको, कोंबडी नको, आणि वर अख्ख्या हिरव्या मिरच्या मागून घ्यायचे. काही ठिकाणी फणस कोंबडीसोबतच शिजवलेला असतो, तेव्हा कडक शाकाहाऱ्यांनी आधी विचारावं. राजवाड्याजवळच्या विजिलान रस्त्यावर गुदेगची दुकानं ओळीने आहेत. मला मात्र गल्लीतल्या टोपल्या जास्त आवडल्या.

त्यानंतर बाजार. जोगजात बेरिंगहार्जो, सोलोत पासार गदे. पाहायचं ते "जाजान पासार", म्हणजे बाजारातला गोडाधोडाचा खाऊ. टोपलीसमोर उकिडवं बसा आणि अंगठ्याने दाखवत चला. क्लेपोन म्हणजे तांदळाच्या पिठाची हिरवी गोळी, आत गूळ, बाहेर ओलं खोबरं. उकडीचा मोदक कुणीतरी आतला बाहेर केल्यासारखा. ती अर्धी चावायची नाही, अख्खी तोंडात टाकून ओठ मिटायचे, नाहीतर वितळलेला गूळ समोरच्याच्या सदऱ्यावर जातो. आमच्या बाबतीत समोर पोलीस हवालदार होते. ते हसले म्हणून निभावलं. केळीच्या पानात वाफवलेली नागासारी, गेथुक म्हणजे कसाव्याच्या कंदाचा गोड लगदा, लुपिस म्हणजे चिकट भाताचे गुळात बुडवलेले तुकडे, हे सगळं शाकाहारी. लेंपेर दिसायला निरागस असतो, पण चिकट भाताच्या आत कोंबडी भरलेली असते.

सोलोत सकाळी नासी लिवेत शोधा. नारळाच्या दुधात शिजवलेला भात, वर चायोटी या फळभाजीची भाजी आणि कोंबडी. तो "पिंचुक"मध्ये मिळतो, म्हणजे केळीचं पान दुमडून काडीने टोचलेला द्रोण. डाव्या हाताच्या तळव्यावर धरून उजव्याने खायचं. पहिल्यांदा पानाच्या घडीतून रस्सा कोपरापर्यंत येतो, दुसऱ्यांदा येत नाही.

दुपार

दुपारी फार शोधाशोध नको. कुठल्याही "वारुंग"मध्ये, म्हणजे खाणावळीत, काचेच्या कपाटात पंधरा-वीस भाज्या मांडलेल्या असतात. भाताची ताटली घ्यायची, दाखवायचं, ती बाई वाढते आणि एका नजरेत हिशोब सांगते. याला "नासी रामेस" म्हणतात. टेबलावरच्या पत्र्याच्या डब्यात पापड-कुरडईसारखे "क्रुपुक" असतात. हवे तेवढे खा आणि किती खाल्ले ते पैसे देताना स्वतःहून सांगा.

शाकाहाऱ्यांचं दुपारचं उत्तर म्हणजे पेचेल. उकडलेल्या पालेभाज्या आणि मोड आलेली कडधान्यं, वर शेंगदाण्याची चटणी. त्या चटणीत केंचूर नावाचा, आल्याच्या जातीचा, थोडा कापरासारखा वास असलेला कंद असतो, आणि तोच तिला आपल्या दाण्याच्या चटणीपासून वेगळं काढतो. पूर्व जावातलं मादियुन गाव पेचेलसाठी नावाजलेलं आहे.

मांसाहाऱ्यांनी दुपारी सोतो घ्यावा, हा पातळ रस्सा गावागणिक बदलतो. त्यातल्या सोतो कुदुसची गोष्ट आपल्याकडच्यांनी ऐकावी अशी आहे. कुदुस हे सेमारांगजवळचं गाव, तिथल्या मशिदीचा १५४९ च्या सुमाराचा विटांचा मनोरा एखाद्या जुन्या हिंदू देवळासारखा दिसतो. त्या गावात परंपरेने गाय कापत नाहीत. हिंदू शेजाऱ्यांच्या भावना राखायला सुनान कुदुस या मुस्लिम संतांनी तसं सांगितलं होतं, असं मानतात. त्यामुळे तिथला सोतो म्हशीच्या मांसाचा किंवा कोंबडीचा, आणि वाटी एवढीशी की दोन घ्याव्या लागतात.

रात्र, म्हणजे खरा दिवस

संध्याकाळी पाचनंतर तळणाच्या गाड्या लागतात. तेंपे मेंदोआन चुकवू नका: आंबवलेल्या सोयाबीनचा पातळ काप, पातीच्या कांद्याच्या पिठात बुडवून अर्धवट तळलेला. मऊच असतो. कुरकुरीत करून मागू नका, तो कच्चा राहिलेला नाही.

अंधार पडला की आंगक्रिंगान. ताडपत्री टाकलेली लाकडी हातगाडी, तिन्ही बाजूंना बाक, मंद दिवा, आणि कोळशावर ओळीने तीन किटल्या: एकीत पाणी, एकीत चहा, एकीत आल्याचा काढा. गाडीवर छोट्या-छोट्या पुड्यांचा ढीग असतो. हा "नासी कुचिंग", म्हणजे मांजराचा भात. मूठभर भात आणि वर चमचाभर तिखट चटणी, बहुतेकदा बारीक सुकी मासळी घातलेली. एक पुडी दोन-चार हजारांना. शेजारी काड्यांवर लावलेली लावी पक्ष्याची अंडी, कोंबडीची आतडी, गुळात मुरवलेलं तेंपे. हवं ते उचलून मालकाच्या हातात द्यायचं, तो निखाऱ्यावर गरम करून देतो. हिशोब शेवटी. तुम्ही काय काय खाल्लं ते तुम्ही सांगायचं, तो मनात बेरीज करतो. आमच्या गाडीवाल्याने आईच्या दोन तेंपे आणि एक चहा यांचे पैसे सांगितले तेव्हा तिला वाटलं तो चुकला, म्हणून तिने त्याला परत मोजायला लावलं. तो चुकला नव्हता, इतकं ते स्वस्त असतं.

चहा "नासगितेल" मागा. गरम, गोड आणि दाट या तीन जावानीज शब्दांचं ते कडबोळं आहे. तुगु रेल्वे स्टेशनच्या उत्तरेला "कोपी जोस" मिळते: कॉफीच्या पेल्यात चिमट्याने लालभडक निखारा टाकतात, चर्रर्र होतं, कॉफी उकळून बाहेर सांडते. माझं मत विचाराल तर हा जास्त तमाशा आणि कमी कॉफी आहे. एकदा प्यावी, मोबाइलवर चित्रित करावी, मग आल्याच्या काढ्याकडे वळावं. सोलोत याच गाडीला "हिक" किंवा "वेदांगान" म्हणतात.

आंगक्रिंगानवर पोट भरायचं नाही, कारण नऊनंतर बाकमी जावा, म्हणजे तिथल्या शेवया आहेत. मातीच्या शेगडीवर कोळसा, एक लोखंडी कढई, आणि एका वेळी एक-दोन ताटं. पंख्याने वारा घालणारा मुलगा वेगळा असतो. लसूण आणि मिरी परततात, बदकाचं अंडं फोडतात, कोंबडीचा रस्सा ओततात, मग शेवया. "गोदोग" म्हणजे रस्सेदार, "गोरेंग" म्हणजे परतलेली, "न्येमेक" म्हणजे मधली. न्येमेक घ्या. ऑर्डर दिल्यावर पाऊण तास लागला तर चौकशी करायची नाही. तुमच्या आधी आठ ताटं आहेत आणि कढई एकच. थंडीत शेकोटीला बसावं तसे लोक गप्पा मारत बसलेले असतात. मांस हवं असेल तर शहराच्या दक्षिणेला बांतुल भागात साते क्लाथाक आहे. बोकडाचे तुकडे सायकलच्या चाकाच्या तारांवर ओवून फक्त मीठ-मिरी लावून भाजलेले. लोखंड आतूनही तापतं, त्यामुळे मांस मधोमध नीट शिजतं.

आणि तरी जागे असाल तर मध्यरात्रीचा गुदेग. जोगजात काही घरं रात्री दहाच्या सुमाराला स्वयंपाकघराचं दार उघडतात. चुलीशेजारी रांग लावायची आणि तिथेच वाढून घ्यायचं.

चटईवरचं जेवण आणि आमचा चुना

"लेसेहान" म्हणजे जमिनीवर चटई आणि बुटकं टेबल. चपला बाहेर, पाय टेबलाखाली किंवा मांडी, तळवे कुणाच्या तोंडासमोर नकोत. लिंबू घातलेल्या पाण्याची वाटी येते ती हात धुवायची. आमच्या शेजारच्या टेबलावरच्या पाहुण्याने ती सरबत समजून संपवली.

आमचा चुना दुसऱ्या रात्री लागला. पर्यटकांच्या गजबजलेल्या रस्त्यावरच्या एका लेसेहानमध्ये बसलो, दरपत्रक मागितलं नाही, आणि दोन साधी जेवणं-दोन चहा यांचे तिप्पट पैसे मोजले. न मागितलेल्या चटण्या आणि काकड्या टेबलावर आल्या होत्या, त्याही बिलात. जोगजात यासाठी खास शब्द आहे: "नुथुक", म्हणजे हातोडा हाणणं. तेव्हापासून नियम केला: बसण्याआधी छापील दर बघायचे, नसतील तर प्रत्येक पदार्थाला "बेरापा?" विचारायचं, आणि न मागता आलेलं ताट हसून परत करायचं.

परंपरेचं नीटस जेवण एकदा तरी बघायचं असेल तर राजवाड्याच्या आवारातलं बाले राओस आहे, तिथे सुलतानांच्या घराण्यातल्या पाककृती मिळतात. पण त्याहून मोठं भाग्य म्हणजे कुणाच्या घरच्या "केंदुरी"चं, म्हणजे प्रार्थनेनंतरच्या सामूहिक जेवणाचं, आमंत्रण. पिवळ्या भाताचा शंकू, "तुंपेंग", मध्ये असतो, भोवती भाज्या. टोक कापून घरातल्या ज्येष्ठाला देतात. निघताना हातात डबा येतो, त्याला "बेरकात" म्हणतात, म्हणजे आपली बरकत. तो नाकारायचा नाही.

शाकाहारी, गोमांस टाळणारे आणि पोट

"साया व्हेगेतारियान" एवढ्याने भागत नाही. ऐकणाऱ्याच्या मनात त्याचा अर्थ "कोंबडी नको" एवढाच उमटू शकतो. खरा शत्रू "तेरासी" आहे, कोळंबीची आंबवलेली पेस्ट, जी लाल चटणीत, पालेभाजीत, कधी पेचेलच्या दाण्यातही असते. म्हणून "तानपा तेरासी, तानपा एबी, तानपा इकान" असं पाठ करा: कोळंबीची पेस्ट नको, सुकी कोळंबी नको, मासे नको. आम्ही हे कागदावर मोठ्या अक्षरात लिहून नेलं होतं आणि तो कागद माझ्या बोलण्यापेक्षा जास्त चालला. क्रुपुकमध्ये बऱ्याचदा कोळंबी किंवा मासे असतात. त्याऐवजी "एंपिंग" मागा, तो मेलिंजो बियांचा असतो. कांदा-लसूण न खाणाऱ्यांनी मात्र सोबत खाखरे-थेपले न्यावेत, इथे खोटी आशा दाखवत नाही.

गोमांस म्हणजे "सापी". बाकसो हे गोळे बहुधा त्याचेच, सुराबायाचा काळा रस्सा रावोनही त्याचाच, आणि रुजाक चिंगुरमध्ये गाईचं नाक असतं. सुंदर नावांवर जाऊ नका, विचारा. सोलोत काही पाट्यांवर "बी १", "सेंगसू" किंवा "गुगुक" लिहिलेलं दिसेल. ते कुत्र्याचं मांस, पुढे चला.

पोटासाठी: जिथे खप जास्त तिथेच खा, पाणी सीलबंद बाटलीचं, बर्फ मध्ये भोक असलेला नळकांडीसारखा असेल तर तो कारखान्यातला. लाकडी ओंडक्यासारखा फोडलेला बर्फ टाळा. पहिल्या दिवशी तिखट चटणी बाजूला वाढून घ्या. आपण कोल्हापूरचे असलो तरी तिथली बारकी मिरची वेगळ्याच जातीची आहे.

एक जादा दिवस असेल तर

जावात सात दिवसांच्या आठवड्यासोबत पाच दिवसांचा बाजाराचा आठवडाही चालतो: लेगी, पाहिंग, पोन, वागे, क्लिवोन. मध्य जावातल्या तेमांगगुंगजवळ बांबूच्या बनात "पासार पाप्रिंगान" भरतो, तो फक्त रविवार वागेला किंवा रविवार पोनला आला तरच, म्हणजे ३५ दिवसांत दोनदा. तिथे रुपिया देऊन बांबूची नाणी घ्यायची आणि ती देऊनच खायचं. तारीख जुळते का ते तिकीट काढण्याआधी बघा.

परतताना लोक बाकपिया ही मुगाच्या सारणाची मिठाई नेतात. ओली बाकपिया थोडेच दिवस टिकते, घरी पोचल्यावर वाटायला सुकी घ्या. गुदेग हवा असेल तर डबाबंद मिळतो. डब्यावरचं बारीक अक्षर मात्र वाचा; आम्ही आणलेल्या दोनपैकी एकात क्रेचेक निघालं, तो माझ्या वाट्याला आला.